नान्सेनचे पारपत्र

पारपत्र म्हणजे 'हा माणूस आमचा आहे' अशी एका राज्याने दुसऱ्या राज्याला दिलेली ग्वाही. मग ज्याला राज्यच उरले नाही, त्याची ग्वाही कोणी द्यावी? १९२१ च्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने परागंदा झालेल्या लाखो रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले. तेव्हा ध्रुवप्रदेशाचे संशोधक म्हणून कीर्ती मिळविलेले नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन पुढे आले. राष्ट्रसंघाचे निर्वासित-आयुक्त या नात्याने त्यांनी १९२२ च्या जुलैत जिनीव्हा येथे अशा निर्वासितांसाठी ओळखपत्र मान्य करून घेतले. पुढे ५० हून अधिक देशांनी ते मानले. १९२४ पासून आर्मेनियनांनाही ते मिळू लागले. परतीचा हक्क त्यात नव्हता, मायदेशही नव्हता. परंतु निराश्रिताचीही ओळख जगाने मानली पाहिजे, हे तत्त्व त्या कागदाने रुजविले.