दुकानांतील देणगी संकलन

दुकानांतील देणगी संकलन म्हणजे खरेदीचे पैसे चुकते करताना ग्राहकाकडून एखाद्या धर्मादाय कार्यासाठी अल्प रक्कम गोळा करण्याची पद्धत होय. गल्ल्याशेजारची दानपेटी, बिलाची रक्कम पुढील पूर्णांकापर्यंत वाढवून घेणे, कार्डयंत्राच्या पडद्यावर येणारा प्रश्न आणि ऑनलाइन खरेदीच्या बिलात जोडली जाणारी एक-दोन रुपयांची नोंद ही तिची प्रचलित रूपे आहेत. एका ग्राहकाची देणगी नगण्य असली, तरी व्यवहारांची संख्या मोठी असल्याने एकूण निधी मोठा होतो. या पद्धतीविषयीचा नैतिक विचार मुख्यतः दोन प्रश्नांशी निगडित आहे : गोळा झालेला पैसा कोणाचा मानावा, आणि तो देण्यास ग्राहकाची खरी संमती होती काय?

इतिहास

भारतीय बाजारपेठांत ‘धर्मादा’ किंवा ‘धर्मादाय’ आकारण्याची प्रथा जुनी आहे. व्यापारी मालाच्या किमतीखेरीज एक ठरावीक रक्कम बिलात वेगळी दाखवून घेत आणि ती धर्मकार्यासाठी राखून ठेवीत.

अमेरिकेत साल्व्हेशन आर्मी या संस्थेचे जोसेफ मॅक्फी यांनी १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे गरिबांच्या नाताळच्या जेवणासाठी तिपाईला भांडे टांगून पैसे जमवले. पुढे अशी लाल भांडी आणि घंटा वाजवणारे स्वयंसेवक तेथील दुकानांच्या दारांशी नाताळात नित्य दिसू लागले. चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क हॉस्पिटल्स या संस्थेच्या मोहिमांत देणगीदाराचे नाव लिहिलेले कागदी फुगे दुकानाच्या भिंतीवर लावण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘पेनीज’ या संस्थेने कार्डाने पैसे भरतानाच देणगी देण्याची सोय सुरू केली. ‘एंगेज फॉर गुड’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२२ मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरहून अधिक निधी जमवणाऱ्या ७७ मोहिमांतून सुमारे ७४.९ कोटी डॉलर गोळा झाले.

संमती आणि संकोच

देणगीची विचारणा रांगेत, इतर ग्राहकांच्या देखत आणि घाईच्या क्षणी होते. त्यामुळे दिलेला होकार औदार्यातून आला की संकोचातून, हे ठरवणे कठीण असते. स्टेफानो डेलाविन्या, जॉन लिस्ट आणि उलरिके माल्मेंडियर यांनी दारोदार देणगी मागण्यावर केलेला प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. देणगी मागणारे केव्हा येणार याची सूचना आधी दिली असता दार उघडणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ९ ते २५ टक्क्यांनी घटले; ‘येऊ नये’ अशी खूण करण्याची सोय दिल्यावर देणगी देण्याचे प्रमाण २८ ते ४२ टक्क्यांनी कमी झाले. जेम्स अँड्रिओनी, जस्टिन राव आणि हॅना ट्रॅक्टमन यांनी एका सुपरमार्केटच्या दारांवर केलेल्या प्रयोगात (२०१७) घंटा वाजवणाऱ्याने तोंडी विनंती केल्यावर देणाऱ्यांची संख्या वाढली आणि ते दार टाळणाऱ्यांचीही वाढली.

या निष्कर्षांवरून दान हे केवळ दबावाचे फळ आहे असे सिद्ध होत नाही. मात्र जमलेल्या रकमेवरून लोकांची राजीखुशी मोजता येत नाही, हे त्यांतून स्पष्ट होते. गल्ल्यावर मागणाऱ्याला टाळण्यासाठी दुसरे दारही नसते.

श्रेय आणि कर

दुकानदार ग्राहकांच्या देणगीवर करसवलत मिळवतो, हा समज व्यापक आहे. अमेरिकेत तो चुकीचा आहे. तेथे दुकान केवळ संकलक असते. ती रक्कम त्याचे उत्पन्न नसल्याने त्यावर त्याला वजावट मागता येत नाही. पात्र संस्थेला दिलेल्या देणगीची वजावट ग्राहकालाच मागता येते.

श्रेयाचा प्रश्न मात्र उरतो. ग्राहकांच्या पैशांचा धनादेश कंपनीच्या नावाने सुपूर्द झाला, की पाहणाऱ्याला ते कंपनीचेच दान वाटते. सीव्हीएस या अमेरिकी औषधदुकानांच्या साखळीविरुद्ध २०२२ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात असा आरोप होता, की कंपनीने स्वतः देऊ केलेली रक्कम ग्राहकांच्या देणग्यांतून भागवली. कंपनीने हा आरोप नाकारला. भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्च करावी लागते. हे दायित्व कंपनीच्या स्वतःच्या नफ्यावर मोजले जात असल्याने ग्राहकांनी दिलेला निधी त्यापासून वेगळा दाखवणे महत्त्वाचे ठरते.

भारतीय कायद्याची भूमिका

बिजली कॉटन मिल्स खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नाही, असा निर्णय दिला. ही रक्कम धर्मकार्यासाठी राखीव म्हणूनच त्याच्या हाती येते, असे न्यायालयाने मानले. धर्मादा दिल्यावाचून माल मिळत नसला, तरी माल घेणे हे ग्राहकाच्या इच्छेवर असल्याने ती देणगी अनैच्छिक ठरत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. डी. जे. मालपाणी विरुद्ध केंद्रीय उत्पादन शुल्क आयुक्त, नाशिक या खटल्यात २०१९ साली याच तत्त्वाला अनुसरून धर्मादा हा मालाच्या करपात्र मूल्याचा भाग नसल्याचा निर्णय झाला.

हे निर्णय करविषयक होते. पैसा कोणाचा, एवढाच त्यांतील प्रश्न होता. संमतीचा प्रश्न ग्राहक कायद्याने स्वतंत्रपणे हाताळला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत ग्राहकाच्या संमतीवाचून बिलात देणगी जोडणे हा फसव्या रचनेचा प्रकार मानला आहे. देणगी नाकारणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये वापरणे हाही तसाच प्रकार असून त्याच्या उदाहरणांत धर्मादाय देणगीचा स्पष्ट उल्लेख आहे. वस्तू घेण्याची इच्छा म्हणजे देणगीची संमती नव्हे, हे त्यामागील सूत्र आहे. ही तत्त्वे प्रामुख्याने ऑनलाइन मंचांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहेत.

कर्मचारी आणि संस्थांची निवड

प्रत्येक ग्राहकाला विचारणा करण्याचे काम गल्ल्यावरील कर्मचाऱ्याकडे येते. जमलेल्या रकमेचे लक्ष्य त्याच्या कामगिरीशी जोडले, तर विनंतीचे रूपांतर आग्रहात होण्याचा धोका असतो आणि नकाराचा रोषही त्यालाच सोसावा लागतो. कोणत्या संस्थेसाठी निधी जमवायचा हे दुकान ठरवते. लहान मुलांचे आजार किंवा भूक यांसारखे सर्वमान्य विषय सहज निवडले जातात. कुष्ठरोग्यांचे पुनर्वसन किंवा कैद्यांच्या कुटुंबांचे प्रश्न यांसारखी कमी लोकप्रिय कार्ये मागे पडू शकतात.

समर्थन आणि अपेक्षित दंडक

समर्थकांच्या मते या पद्धतीत निधी उभारण्याचा खर्च कमी असतो आणि एरवी दान न करणाऱ्यांनाही थोडे देण्याची संधी मिळते. टीकाकारांपैकी अनेकांचा आक्षेप दानावर नसून ते मागण्याच्या रीतीवर आहे. लाभार्थी संस्थेचे नाव आणि नोंदणी ठळकपणे दाखवणे, देणगीची नोंद पावतीवर वेगळी छापणे, ‘नाही’ हा पर्याय ‘हो’इतकाच सोपा ठेवणे, कंपनीचा स्वतःचा वाटा वेगळा जाहीर करणे आणि मोहिमेनंतर किती रक्कम कोणाला पोहोचली याचा हिशेब त्याच दुकानात लावणे, हे दंडक या चर्चेतून पुढे येतात. देणगी एक रुपयाची असली, तरी देणाऱ्याला हिशेब मागण्याचा अधिकार असतो, हा विचार या सर्व दंडकांच्या मुळाशी आहे.