अलिबागच्या भूचुंबकीय नोंदी आणि विषम गतींचा प्रश्न

सामायिक संग्रहात निरनिराळ्या गतींनी येणारी सामग्री एकत्र नांदवावी कशी, हा संगणकशास्त्रातील एक व्यावहारिक प्रश्न होय. अनेक सर्व्हर जोडून त्यांवर आभासी यंत्रे चालविली जातात, तेव्हा माहितीच्या प्रती एकाहून अधिक सर्व्हरांवर ठेवतात, आणि पुष्कळ व्यवस्थांत सर्व प्रती लिहिल्या गेल्याखेरीज लेखन पुरे झाले असे मानीत नाहीत. अशा संघात एकाचा नेटवर्क अडॅप्टर सेकंदास १० गिगाबिटांचा व दुसऱ्याचा १ गिगाबिटाचा असेल, तर १० गिगाबाइट सामग्रीस पहिल्या मार्गाने किमान ८ व दुसऱ्याने किमान ८० सेकंद लागतात. आणि मंद प्रतीसाठी सबंध लेखन अडून राहते. याच जातीचा, परंतु कालाच्या दृष्टीने पुष्कळ जुना असा एक प्रश्न रायगड किनाऱ्यावरील अलिबागच्या भूचुंबकीय नोंदींत आढळतो. त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबई बेटावरील कुलाबा येथे वेधशाळा स्थापिली. (अलिबागचा जलदुर्ग कुलाबा व १९८१ पर्यंत त्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा यांहून हे स्थळ भिन्न होय.) १८४१ पासून तेथे भूचुंबकत्वाचे वेध घेतले जाऊ लागले. निरीक्षक डोळ्यांनी पाहून आकडे टिपीत. सामान्यतः तासातासाला, आणि चुंबकीय वादळात दर १५, प्रसंगी दर ५ मिनिटांनी. १८७२ पासून छायालेखनाने अखंड आलेख मिळू लागला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने वेध दूषित होतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागेस नवी वेधशाळा उभारली. तेथील नोंदी १९०४ मध्ये सुरू झाल्या. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली. मधल्या काळात, १९०६ पर्यंत, दोन्ही स्थळी एकाच वेळी वेध घेतले गेले. जुनी मालिका नवीस सांधली गेली ती या दूरदृष्टीमुळेच.

तथापि स्थळे सांधली, म्हणून गती सांधल्या असे होत नाही. २ सप्टेंबर १८५९ च्या महावादळात कुलाबा येथे क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. मार्च १९८९ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज ज्या वादळाने बंद पडली, त्याचा निर्देशांक उणे ५८९ होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पहिले वादळ दुसऱ्याच्या पावणेतीनपट भासते. परंतु १६०० हा एका स्थळाचा क्षणिक वेध, तर ५८९ ही चार वेधशाळांच्या नोंदींवरून काढलेली तासाची सरासरी. कुलाब्याच्याच वेधांची तासिक सरासरी २००६ मध्ये काढण्यात आली, तेव्हा ती उणे ८५० च्या आसपास आली. म्हणजे अंतर दीडपटीहूनही कमी ठरले. वीजवाहिन्यांना अशा वादळाचा धोका किती, याचा अंदाज या दोहोंपैकी कोणत्या आकड्यावर उभारावा, हा केवळ पांडित्याचा वाद नव्हे.

१९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे, आणि भूचुंबकत्वाचे जागतिक माहिती केंद्रही तीच संस्था चालविते. अलिबागचे अंकीय वेध आता मिनिटामिनिटाचे असतात. एकाच संग्रहात तास व मिनिट यांच्या नोंदी अशा शेजारी येतात. येथे दोन नियम पाळणे इष्ट आहे. तुलना करताना शीघ्र नोंद मंद नोंदीच्या मापास आणावी, मात्र मूळ शीघ्र नोंद जतन करावी. आणि मंद नोंदीत मधले आकडे कल्पनेने भरून तिला शीघ्रतेचा आव आणू नये. संगणकसंघातही समान गतीचे सर्व्हर एकत्र ठेवावेत, विषम गतींची सरमिसळ टाळावी, असाच संकेत आहे.

दोहोंत एक भेद मात्र मूलगामी आहे. संघातील मंद अडॅप्टर काढून नवा बसविता येतो. १८५९ चा तो दिवस पुन्हा मोजता येत नाही. म्हणूनच जुन्या आकड्याबरोबर तो किती वेळाने व कोणत्या रीतीने टिपला गेला हेही नोंदवून ठेवणे, हे अभ्यासकाचे प्रथम कर्तव्य होय.