पाना आणि घण

गिरणगावाचा इतिहास लिहिणारे बहुधा चिमणीपासून सुरुवात करतात आणि संपापाशी थांबतात. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला स्थापन केलेली कापडगिरणी हा आरंभ, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप हा शेवट. पण खात्याखात्यांत उभ्या असलेल्या यंत्रांचे पुढे काय झाले? आम्हाला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्या यंत्रांची वाट आपल्याच मोहल्ल्यांतून गेली आहे.

गिरणीतला माग म्हणजे बिडाच्या दोन जड बाजू, त्यांना जोडणारे आडवे दांडे, मध्ये फणी आणि धोटा. माग चालू झाला की जमीन हादरते, म्हणून विणाई खाते बहुधा तळाला असे आणि सूतकताई वरच्या मजल्यांवर. अशी गिरणी रिकामी करायची तर आधी वीज तोडतात, पट्टे काढतात. तांबे-पितळ वेगळे होते, त्याचा भाव वेगळा. वरची यंत्रे चेनपुलीने खाली उतरवतात. पोलाद गॅसच्या ज्योतीने कापले जाते. बीड तसे सहज कापले जात नाही. ते घणाने फोडावे लागते. फुटलेले बीड वजनकाट्यावर जाते आणि तिथून भट्टीत.

पण हेच यंत्र दुसऱ्या रीतीनेही सुटे करता येते. फिटर पाना घेऊन बसतो, एकेक बोल्ट सोडवतो, भागांवर खुणा करतो, कारण ते सगळे पुन्हा जोडायचे असतात. पान्याने उघडलेला माग पुन्हा चालतो, घणाने फोडलेला चालत नाही. कोणत्या यंत्राला पाना आणि कोणत्याला घण, हे यंत्राच्या वयावरून ठरत नाही. ते मालकाच्या हिशेबावरून ठरते.

याचा पुरावा भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजी येथे आहे. मुंबईच्या गिरण्यांनी जुने म्हणून काढून टाकलेले हजारो माग या गावांत आले आणि पुन्हा धावू लागले. परळला ज्याची किंमत किलोवर व्हायची, त्यावर भिवंडीत एका घराची रोजी चालली. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन विणकर मालेगाव, भिवंडी आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात वसले होते. हातमागाचे हुनर त्यांच्याकडे होतेच. नवे यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. टाकून दिलेले यंत्र दुरुस्त करण्याची अक्कल होती. महाराष्ट्राच्या यंत्रमाग धंद्याचा मोठा भाग या अकलेवर उभा राहिला.

या इतिहासाचा अभिमान बाळगताना एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि उष्ट्याच्या या सबबीवर मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचे दार दलित कामगारांना बंद होते. त्याच खात्यात मजुरी जास्त मिळे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्या खात्यात सवर्ण हिंदूंबरोबर आपले विणकरही होते. गप्प राहिलेल्यांत आपलेही होते का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

संपानंतर पान्याची जागा घणाने घेतली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या केल्या. त्यातला एक वाटा महापालिकेला, एक घरबांधणीला आणि एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेपुरती उरली. म्हणजे इमारत पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीबाहेर गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. यंत्राखालच्या जमिनीचा भाव यंत्राहून कितीतरी मोठा झाला. यंत्रे जुनी झाली म्हणून गिरण्या मोडल्या, असे सांगितले जाते. तसे असते, तर तेच माग भिवंडीत पुढे वर्षानुवर्षे कसे चालले?

यंत्र मोडण्याचा मोबदला मालकाला मिळतो, हे इंग्लंडातही घडले आहे. लँकेशायरचा कापडधंदा खालावल्यावर तिथल्या सरकारने १९५९ साली कायदा करून चात्या आणि माग भंगारात काढण्यासाठी गिरणीमालकांना पैसे दिले. जिथे मुंबईची बहुतेक यंत्रे घडली, तिथेही घण चालला. तिथे निदान कायदा आणि नोंद होती.

आता ही पाळी यंत्रमागाच्या गावांवर आली आहे. महाग वीज, नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांनी छोट्या कारखानदाराची कंबर मोडली. अनेक शेडमधले साधे माग भंगारवाल्याकडे किलोने गेले. त्यांना घेऊन पुन्हा जोडणारे तिसरे गाव आता नाही. मालकाच्या हाती निदान लोखंडाचे पैसे पडतात. माग चालवणाऱ्या मजुराचे नाव मात्र बहुतेक ठिकाणी कोणत्याच रजिस्टरात नसते, म्हणून त्याचा हक्क कोणत्याच काट्यावर चढत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, शेड रिकामी होण्याआधी नोंद व्हावी. कोणता माग कुठून आला, कोणी जोडला, त्यावर कोण राबले, हे बुजुर्ग सांगू शकतात. तरुणांनी ते लिहून घ्यावे. मजुरांची यादी त्याच वहीत असावी, कारण उद्या हक्क मागताना तीच कामी येईल. आणि प्रत्येक गावाने एक तरी माग पान्याने उघडून, पुन्हा जोडून ठेवावा.