चाळ, वीज आणि भूकंपाचा ठेका

आज नाचणाऱ्या बायकांची गोष्ट सांगणार आहे. नाचाची थोडी, आणि नाचताना त्यांनी अंगावर काय बांधलं होतं याची जास्त.

सुरुवात आपल्याच मातीतून करू. तमाशातली बाई बोर्डावर येण्याआधी पायात चाळ बांधते. घुंगरांचं ते ओझं तासन्‌तास वागवायचं म्हणजे घोटे सोलवटतात. पण पाय हलला की त्याची खबर शेवटच्या रांगेपर्यंत जाते. रेडिओवर तर बाई दिसतच नाही, तरी चाळ वाजले की ती नाचते आहे हे कळतं. ठेका पायातून निघतो आणि बाहेर जातो. ही दिशा ध्यानात ठेवा, पुढे ती उलटणार आहे.

अमेरिकेत १८६२ साली जन्मलेली लोई फुलर ही नर्तकी १८९२ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर उभी राहिली. अंगावर भरपूर घोळाचा रेशमी झगा, आणि झग्याच्या आत दोन्ही हातांत लांब काठ्या. हात फिरवले की कापड डोक्यावर उंच उडायचं. कधी फुलपाखरू दिसायचं, कधी जाळ. त्यावर विजेच्या दिव्यांचे रंगीत झोत पडायचे. विजेची तेव्हा नवलाई होती. त्याआधी रंगमंचावर गॅसच्या ज्योती असत, आणि नाचणाऱ्या मुलींचे झगे पेट घेत. एमा लिव्री नावाची पॅरिसची तरुण नर्तकी १८६२ मध्ये तालमीत अशीच भाजली आणि काही महिन्यांनी गेली.

लोई दिवेवाल्यांना टाचेच्या ठोक्यानं इशारा द्यायची. ठोका पडला की रंग बदलायचा. म्हणजे इथंही हुकूम पायाचाच. झग्याचं आणि काठ्यांचं तिनं पेटंट घेतलं. पण तिच्या नाचाची नक्कल करणाऱ्या बाईवर तिनं दावा लावला, तेव्हा न्यूयॉर्कच्या कोर्टानं सांगितलं, या नाचात काही कथा नाही, तेव्हा हे नाटक ठरत नाही आणि हक्कही मिळत नाही. कापडाला हक्क मिळाला, नाचाला नाही. आपली नक्षी दुसऱ्याच्या दुकानात टांगलेली जिनं पाहिली आहे, तिला यातली सल समजावून सांगायला नको.

लोईची हौस मात्र दांडगी. रेडियमचा उजेड झग्याला लावता येईल का, असं तिनं क्युरी पतिपत्नींना पत्र लिहून विचारलं. ते जमलं नाही, हे बरंच झालं. रेडियम अंगाचं काय करतं ते पुढे जगानं पाहिलं.

आता पंच्याऐंशी वर्षं ओलांडून १९७७ मध्ये येऊ. १९७५-७६ मध्ये आपल्या देशातल्या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत अमेरिकेच्या उपग्रहावरून शेतीचे आणि शाळेचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवले गेले होते. त्यानंतर किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या दोन कलावंतांनी अमेरिकेत उपग्रहावरून नाच जुळवला. काही नर्तक देशाच्या पूर्व टोकाला मेरीलँडमध्ये, काही पश्चिम टोकाला कॅलिफोर्नियात. दोन्हीकडची चित्रं एकाच पडद्यावर मिसळली आणि तिथं ते एकमेकांसोबत नाचले. अडचण एकच. चित्र उपग्रहापर्यंत वर जाऊन खाली येईतो पाव सेकंदाच्या आसपास वेळ जायचा. पाव सेकंद म्हणजे किती, हे फुगडी घालणारीला विचारा. हात धरायला तेवढा उशीर झाला तर ती आपटतेच! नर्तकांनी तो उशीर मोडायचा नाद सोडला आणि त्यालाच धरून नाचायला शिकले.

आणि आता दिशा उलटते. स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात १९८५ साली जन्मलेली मून रिबास नाच बसवायला शिकली. २०१३ मध्ये तिनं कोपराजवळ एक छोटं यंत्र बसवून घेतलं. भूकंप मोजणारी यंत्रं जगभर आहेत. त्यांच्या नोंदी इंटरनेटवरून फोनवर यायच्या आणि फोनवरून तिच्या हातातल्या यंत्राला कळायच्या. जगात कुठंही जमीन हलली की तिच्या हाताला कंप जाणवायचा. लहान धक्क्याला हलका, मोठ्याला जोराचा. पुढं अशी यंत्रं तिनं पायांतही बसवली, कातडीखाली.

या कंपावर तिनं एक प्रयोग केला. त्याचं नाव मराठीत ‘भूकंपाची वाट पाहताना’ असं होईल. ती रंगमंचावर येऊन उभी राहायची. कुठंतरी धरणी हलली की तेवढ्याच जोरानं ती हलायची, आणि पुन्हा थांबायची. धक्का आलाच नाही तर नाचही नाही. तिकीट काढून आलेल्यांनी तिचं उभं राहणं पाहायचं. तमाशाच्या फडात असं करून पाहा म्हणावं!

चाळांत ठेका पायातून बाहेर जात होता. इथं तो हजारो कोसांवरून आत यायचा आणि बाई त्याची वाट पाहायची.

मी हे आमच्या गटाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. आमच्या भागात भूकंप म्हटलं की किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती. सुमारे १० हजार माणसं गेली. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या मरणावर नाच कशाला?” त्यांच्या शेजारची म्हणाली, “नाच कसला, ती तर उभी राहून वाट बघते. आपली कुणी इतकी वाट बघितली होती?”

मला दोघींचंही पटलं. मून रिबास पृथ्वीची थट्टा करत नाही. दूरची धडधड अंगाला जाणवावी म्हणून तिनं शरीर टोचून घेतलं, याचा मला आदर आहे. पण तिच्या हातापर्यंत यायचा तो एक आकडा. किल्लारीचा आकडा ६.२ च्या आसपास होता. जगात त्या ताकदीचे आणि त्याहून मोठे भूकंप दरवर्षी कितीतरी होतात. पुष्कळसे समुद्राखाली होतात, तिथं कुणाचं घर नसतं. अशा रिकाम्या समुद्रातल्या ७ च्या धक्क्यानं ती किल्लारीपेक्षा जोरात हलली असती.

आमच्याकडं माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि वर मातीचा थर असलेल्या जड माळवदाखाली. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून आजोबांनी बांधलेलं घर. वेळ पहाटेची, सगळे आत. हे त्या यंत्राला कळत नव्हतं. त्या बैठकीतल्या मावशींना कळतं. रात्री वरून ट्रक गेला आणि भांडी किणकिणली तरी त्या अजून उठून अंगणात येतात, आणि सूनबाईला हाक मारतात.