रानातील भाता आणि चित्रातील भाता

धनुष्याची स्तुती आपल्याकडे पुष्कळ झाली, बाणाचीही झाली. परंतु ज्यात बाण राहतात त्या भात्याविषयी स्वतंत्रपणे कोणी फारसे लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. एरवी ही उणीव मनाला लावून घेण्याजोगी नव्हे. परंतु अलीकडे ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला आणि १५ नोव्हेंबरच्या बिरसा मुंडा जयंतीला आपले तरुण धनुष्यबाण घेऊन मिरवणुकीत निघतात, तेव्हा त्यांच्या पाठीवर जो भाता दिसतो तो तांबड्या मखमलीचा, जरीच्या काठाचा, नाटकाच्या सामानातून आणल्यासारखा असतो. तो पाहून आम्हांस प्रश्न पडला की, वणी-केळापूरच्या रानात हिंडणाऱ्या माणसाने असला भाता पाठीवर घेतला असता काय? समाजाने आपल्या खुणा मिरवाव्यात हे योग्यच आहे. मात्र त्या खुणा आपल्याच असाव्यात, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत भाता म्हणजे बाण ठेवण्याचे पात्र आणि भाता म्हणजे लोहाराची हवा फुंकण्याची पिशवीही. हे दोन शब्द योगायोगाने सारखे झालेले नाहीत. संस्कृतात भस्त्रा म्हणजे चामड्याची पिशवी; तिच्यापासून दोन्ही अर्थांचा भाता निघाला. भस्त्रिका प्राणायामाचे नावही त्याच घराण्यातले. म्हणजे मराठी बोलणाऱ्यांच्या पूर्वजांना प्रथम परिचय झाला तो कातडी भात्याचा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. संस्कृतातील इषुधी म्हणजे ज्यात इषू, म्हणजे बाण, ठेवावयाचे ते. तूणीर आणि निषंग हे शब्द पुराणिकांच्या तोंडून आपण ऐकतोच. मुसलमानी अमदानीत फारसीतून तर्कश हा शब्द हिंदुस्थानात आला. तीर आणि कश, म्हणजे जेथून तीर ओढावयाचा ते, अशी त्याची फोड आहे. गोंडीत धनुष्याला विल म्हणतात. तमिळमध्ये विल, तेलुगूत विल्लू आणि कन्नडात बिल्लू. एकाच कुळातील भाषांचा हा साक्षीपुरावा असून, धनुष्य आपल्याकडे कोणाकडून उसने आले नाही हे त्यावरून दिसते.

ग्रंथांत भाता येतो तो मुख्यतः योद्ध्याचा. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात युद्धसाहित्याचे एक सूक्त आहे. त्यात धनुष्य, प्रत्यंचा यांच्याबरोबर भात्यालाही मान दिलेला आहे. खांडववन जाळण्याच्या वेळी अर्जुनास गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळाले. अगस्त्य ऋषींनी रामास दिलेल्या आयुधांतही अक्षय बाणांचे दोन भाते आहेत. बाण कधी संपू नयेत, ही लढणाऱ्याची इच्छा या कथांत उघड दिसते. शत्रू शेकड्यांनी येतो, तेव्हा बाणही शेकड्यांनी लागतात. मोगल स्वाराचा तर्कश कमरेला लटकलेला असे, कारण घोडा दौडत असता हात खाली नेऊन बाण उपसणे त्याला सोयीचे पडे. राणी दुर्गावती १५६४ साली आसफखानाच्या फौजेशी लढताना बाणांनीच घायाळ झाली आणि शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा तिने स्वतःच्या हाताने मरण पत्करले. ते बाण अशाच सैनिकी तर्कशांतून निघालेले होते, हे आपण लक्षात ठेवावे.

मग पाठीवरचा मखमली भाता आपल्या डोळ्यांत इतका का ठसला? आमच्या मते हे चित्रांचे काम आहे. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर भिंतींवर गेली. पुढे दिनदर्शिका आल्या. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली, आणि धनुर्धारी म्हणजे पाठीवर भाता हे समीकरण पोराबाळांच्याही मनात पक्के झाले. नंतर उभारलेल्या आपल्या वीरांच्या कित्येक पुतळ्यांनाही शिल्पकारांनी तोच भाता दिला. शिल्पकारांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना दुसरा भाता कोणी दाखविला होता?

आता रानाकडे वळू. १९०५ पर्यंत वणी जिल्हा या नावाने ओळखला जाणारा आपला यवतमाळ जिल्हा वर्धा आणि पैनगंगा या नद्यांनी वेढलेला आहे. येथील अरण्य मुख्यतः सागाचे, पानझडीचे. साग, मोह, तेंदू, पळस आणि मधूनमधून बांबूची बेटे. फाल्गुन-चैत्रात येथे जमिनीवर वाळक्या पानांचा असा थर पडतो की सरडा पळाला तरी आवाज होतो. अशा ठिकाणी धनुष्याने शिकार करणाऱ्याला दुरून बाण मारून भागत नाही. त्याला श्वापदाच्या अगदी जवळ, बहुधा वीस-पंचवीस पावलांच्या आत, जावे लागते. जनावर पहिल्या बाणात हाती लागले नाही तर दुसऱ्याची संधी क्वचितच येते. म्हणून शिकाऱ्याच्या भात्यात साठ बाणांचे काम नाही. चार-सहा असले की पुष्कळ झाले. अक्षय भाता त्याला ओझे होईल.

भात्याची निवड कशावरून करावी, तर प्रथम आवाजावरून. बाणांच्या काड्या एकमेकींवर आपटून जो खडखडाट होतो, तो हरणाच्या कानी पडण्यास वेळ लागत नाही. यासाठी भाता अरुंद असावा, तळाशी मऊ गवत किंवा चिंधी असावी, आणि बाण सैल हलता कामा नयेत. परंतु अरुंद म्हणजे इतकाही अरुंद नव्हे की पिसारे एकमेकांत दडपून मोडतील. पीस वाकले की बाण वाकडा जातो. दुसरी गोष्ट खोलीची. बाणाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग आत जाईल इतकी खोली बरी. त्याहून खोल असल्यास बोटांना बाण सापडत नाही आणि मनुष्य भात्याकडे पाहू लागतो. त्याहून उथळ असल्यास वाकून झुडपाखालून जाताना बाण गळून पडतात. तिसरी गोष्ट म्हणजे तो बांधण्याची जागा. पाठीवरच्या भात्यातून बाण काढावयाचा तर कोपर डोक्याच्या वर जाते. उघड्या रानात ती हालचाल जनावराला तत्काळ दिसते. शिवाय भात्याचे तोंड बोरीच्या काट्यांत आणि बांबूच्या फांद्यांत अडकते. कमरेला किंवा काखेखाली बांधलेला भाता यापेक्षा कितीतरी बरा. पावसाळ्यात आणखी एक अडचण असते: भिजलेले पीस चिपकून बसते आणि काडीला गुंडाळलेली तात सैल पडते. तेव्हा झाकण हवे. कातड्याचा भाता येथे उणा पडतो, कारण कातडे पाणी पिते, फुगते आणि वाळल्यावर आखडते. धारदार पात्याच्या बाणांनी त्याचा तळही फाटतो.

राहता राहिला बांबूचा भाता, आणि येथे आपल्या जिल्ह्याच्या मातीचा संबंध येतो. कोरड्या टेकड्यांवर वाढणारा मानवेल बांबू बहुधा भरीव असतो. धनुष्याला, काठीला तो उत्तम. परंतु जो पोकळच नाही त्याची नळी कशी होणार? नळीचा भाता करावयाचा तर नाल्याकाठचा, ओलीवर वाढणारा काटेरी कटांग पाहावा लागतो. त्याची पोकळी मोठी असते आणि खालची गाठ हाच आयता तळ होतो. हिवाळ्यात तोडलेला आणि चुलीवरच्या धुरात काही काळ टांगलेला बांबू किडीपासून बराच बचावतो, हे घरातील कोणतीही म्हातारी सांगेल. कटांग मिळाला नाही तर मानवेलाच्या बेळांचा विणून भाता करता येतो. आपले शेजारी कोलाम बांधव टोपल्या व तट्टे विणण्यात किती निष्णात आहेत हे आम्ही सांगावयास नको. विणलेला भाता हलका असतो, त्यात वारा खेळतो आणि तो पडला तरी तडकत नाही. आम्हांस विचाराल तर नळीपेक्षा विणीलाच आमची पसंती आहे.

हे केवळ आमच्या कल्पनेचे नाही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवर १९१६ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात भिल्लांचा भाता मजबूत बांबूच्या तट्ट्याचा असल्याचे आणि त्यात गजभर लांबीचे साठ बाण मावत असल्याचे नमूद आहे. काही बाणांची टोके चाकूसारखी चपटी, काहींची खिळ्यासारखी गोल, तर पक्षी पाडण्यासाठी बोथट गाठीची, असा तपशीलही त्यांनी दिला आहे. साठ हा आकडा मात्र शिकारीपेक्षा लढाईचा वाटतो. आणि भिल्ल लढवय्ये होतेच. त्यांच्या कामठ्याला दोरीही बांबूच्याच सालीची. कौटिल्याने अर्थशास्त्रात प्रत्यंचेसाठी मोरवेल, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर बांबूचा उल्लेख केला आहे, हे वाचले म्हणजे भिल्लांच्या या रीतीचे प्राचीनत्व ध्यानात येते. दुसरीकडे, मध्य भारतातील आदिवासींच्या जुन्या छायाचित्रांत धनुष्याच्या मुठीबरोबरच दोन-तीन बाण हातात धरलेले शिकारी वारंवार दिसतात, भाता नाहीच. तोही एक निवडीचाच प्रकार झाला. आणि फासेपारध्यांचे तर नावच सांगते की त्यांचा भरवसा बाणावर नसून फाशावर होता.

शिकारीचे दिवस आता गेले. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांखाली आली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर तर ती बंदच झाली. आज टिपेश्वर आणि पैनगंगा ही आपल्या जिल्ह्यातील अभयारण्ये आहेत, आणि त्यांत धनुष्य घेऊन शिरण्याचा विचारही कोणी करू नये. परंतु धनुष्य गेले नाही. लिंबाराम हा राजस्थानातील आदिवासी तरुण १९८८, १९९२ व १९९६ अशा तीन ऑलिंपिकांत भारतातर्फे उतरला. आपल्या विदर्भातील नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेता झाला. ही मंडळी भाता कमरेला लावतात, पाठीवर नव्हे, हे त्यांची छायाचित्रे पाहून कोणीही ताडून पाहावे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजांत गणला असून, ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत त्यांच्या हद्दीत तो मिळण्यास आता पूर्वीसारखी अडचण नाही. तेव्हा येत्या मिरवणुकीसाठी आमची सूचना अशी आहे: भाता बाजारातून आणू नये. गावातील विणकराकडून बेळांचा, दोन वीत खोल, मुठीपेक्षा थोडा रुंद, तळाशी गवताची गादी असलेला विणून घ्यावा, त्यात चार बाण ठेवावेत आणि तो कमरेच्या उजव्या अंगाला बांधावा. विणकराची मजुरी रोख द्यावी, आणि मुलांना विणताना पाहू द्यावे.