खालची दाढ आणि बधिरतेची विद्या

श्रोतेहो, खालची दाढ ही दंतवैद्याची खरी कसोटी होय. वरच्या जबड्याचें हाड पातळ व सच्छिद्र असल्यामुळें हिरडीजवळ टोंचलेलें औषध दांताच्या मुळापर्यंत झिरपतें; खालच्या दाढांभोंवतीं तेंच हाड जाड व घट्ट असतें. म्हणून मज्जातंतु जबड्यांत जेथें शिरतो, तेथेंच त्यास गांठावें लागतें.

या युक्तीचा उगम इ. स. १८८४ मधला. त्या वर्षीं व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करतां येतो हें सिद्ध केलें. लगेच न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॉल्स्टेड व रिचर्ड हॉल यांनीं तें औषध टोंचून जबड्याचा मज्जातंतु बधिर केला. परंतु हे प्रयोग त्यांनीं स्वतःवरही केले आणि दोघेही कोकेनच्या व्यसनांत सांपडले. हॉल्स्टेड पुढें थोर शल्यवैद्य म्हणून गाजला; पण कोकेनमागून त्यास मॉर्फिनची संवय जडली. आपल्या निर्वेदन दाढेचें मोल असें कोणीं तरी आधींच चुकविलेलें आहे.

जर्मनींत आल्फ्रेड आइनहॉर्ननें तयार केलेलें नोव्होकेन १९०५ सालीं प्रचारांत आलें. त्याचें व्यसन लागत नसे. मात्र रक्तवाहिन्या रुंदावून तें लवकर वाहून जाई, म्हणून त्यांत अ‍ॅड्रिनलिन मिसळीत. १९४३ सालीं स्वीडनमध्यें निल्स लोफग्रेननें लिडोकेन सिद्ध केलें. त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यानें तेंही स्वतःस टोंचून पाहिलें! १९४८ पासून विकलें जाऊं लागलेलें हें औषध अधिक जलद व खात्रीचें ठरलें. १९७६ सालीं जर्मनींत आर्टिकेन आलें.

मग यांत सरस कोणतें? दाढेच्या गाभ्यास दाह झाला असतां, म्हणजे रूट कॅनालच्या वेळींच, मज्जातंतूजवळ टोंचलेलें औषध पुष्कळदां अपुरें पडतें. ओंठ बधिर होतो, दाढ मात्र जागीच राहते. त्या एका टोंचणीपुरतें पाहिल्यास आर्टिकेन लिडोकेनहून निश्चित श्रेष्ठ ठरलेलें नाहीं. परंतु जोडीस दाढेच्या गालाकडील बाजूस दुसरी टोंचणी द्यावयाची, तर आर्टिकेन त्या घट्ट हाडांतूनही लिडोकेनपेक्षां अधिक परिणाम करतें, असें प्रयोगांनीं दाखविलें आहे.

तेव्हां श्रोतेहो, ओंठ बधिर झाला म्हणून दाढही बधिर झाली असें समजूं नये. कळ आली तर मुकाट्यानें सोसूं नका. वैद्यास तत्काळ सांगा. पुढील उपाय त्याच्या हातीं आहे. पण वेदनेची वर्दी तुम्हींच दिली पाहिजे.