माटुंग्याच्या टाक्या आणि बमरोलीचे पाणी

सुरतेच्या दक्षिणेस, उधना व पांडेसरा यांच्या शेजारी, बमरोली नावाचे गाव होते. ते आता शहरात मिसळून गेले आहे. पोटापाण्यासाठी खानदेशातून तिकडे गेलेल्या कुटुंबांना हा मुलूख परका नाही. तेथे शहराचे मैलापाणी शुद्ध होते. त्यातील काही पाणी आणखी सूक्ष्म गाळण्यांतून काढले जाते आणि पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना विकले जाते. दिवसाला ४ कोटी लिटर क्षमतेची ही योजना २०१४ मध्ये सुरू झाली. जे नदीत वा खाडीत सोडून द्यावयाचे, त्याचेच मोल वसूल करावे, हा तिच्यामागील विचार. तो नवा नव्हे. मुंबईत एका लहानशा वस्तीने तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आचरणात आणला होता, आणि ती वस्ती होती कुष्ठरोग्यांची.

इ. स. १८९० मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ यांनी माटुंग्यास बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान काढले. सर दिनशा पेटिट यांनी त्यास एक लाख रुपये दिले. मराठी वाचकास ॲकवर्थ यांची दुसरी ओळख अधिक जवळची वाटेल. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ऐतिहासिक पोवाडे गोळा करून छापणारे ते हेच.

शेकडो रुग्ण एका ठिकाणी आले, की त्यांच्या मैल्याचा प्रश्न उभा राहतो. त्यातून हा रोग म्हणजे लोकांच्या मनातील थरकाप! ते पाणी शेजारून वाहू देण्यास कोण राजी होणार? शहराच्या ड्रेनेज खात्यातील इंजिनियर सी. कार्किट जेम्स यांनी येथे मैलापाणी शुद्धीकरणाचे प्रयोग केले. इंग्लंडात एक्झिटर येथे डोनाल्ड कॅमेरन यांनी १८९५ मध्ये बंदिस्त टाकीची युक्ती लोकांपुढे ठेवली होती. अशा टाकीत हवेवाचून जगणारे जंतू मैला कुजवितात. गाळ तळाशी बसतो, पाण्याचा उग्रपणा उतरतो आणि वर जळाऊ वायू जमतो. इ. स. १८९७ मध्ये माटुंग्याच्या टाक्यांवर हा वायू धरण्याची सोय झाली आणि त्यावर इंजिन चालू लागले. निवळलेले पाणी शेतास दिले जाई, आणि त्या शेतात राबणारे हात आश्रयस्थानातील रुग्णांचेच होते. ज्यांच्या सावलीस लोक भीत, त्यांनी आपल्या घाणीचा भार दुसऱ्या कोणावर टाकला नाही.

असे असता एक चूक मात्र जगभर रूढ झाली आहे. मुंबईच्या कुष्ठरोगी वसाहतीत १८५९ मध्ये जगातील पहिले वायुसंयंत्र उभे राहिले, असे अनेक ग्रंथांत छापलेले आढळते. आश्रयस्थानच मुळी १८९० चे! जे घर नव्हते, त्याच्या मोरीवर टाकी कोणी बांधली? एकाने लिहावे आणि दहांनी उतरून घ्यावे, असा हा प्रकार दिसतो. माटुंग्याचा मान १८९७ या सालानेही कमी होत नाही; एक्झिटरनंतर अवघ्या दोन वर्षांचे हे अंतर आहे.

पुढे हा धागा दादरच्या मैलाशुद्धी केंद्रात दिसतो. तेथील काम पाहून एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे संयंत्र सिद्ध केले. साठीच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने त्याच घाटाची संयंत्रे खेडोपाडी नेली. शेतकऱ्याच्या चुलीतील निळ्या ज्योतीचे कूळ असे मैल्याच्या टाकीपर्यंत जाते. हे कूळ सांगण्यास पुष्कळांना संकोच वाटतो, आणि माटुंगा विस्मृतीत जाण्यास तो संकोचही थोडाफार कारण असावा.

त्या टाक्या केव्हाच बंद पडल्या. आश्रयस्थानाचे रुग्णालय मात्र ॲकवर्थ यांच्या नावाने वडाळ्यास उभे आहे. कुष्ठरोग आता औषधांनी बरा होतो. पुस्तकांतून १८५९ हे साल अद्याप छापले जातेच.